माहितीपत्रकात नसलेली अट

आण्णा, ती अट तुम्ही कुठून आणलीत? नर्सिंगच्या काही डिप्लोमा शाळांत तसलं काही असायचं, असं मी पुढं ऐकलं. तिथलं काही तुमच्या कानावर आलं होतं, की घोंगडी विणताना मागावर बसून तुम्हीच ती तयार केलीत, हे मला आजही सांगता येत नाही.

माझा बारावी सायन्सचा निकाल लागला त्याच आठवड्यात तासगावची मंडळी मला बघायला आपल्या माण तालुक्यात आली. द्राक्षबाग, ट्रॅक्टर, एकुलता मुलगा. थोरल्या आबांनी मनातल्या मनात सुपारी फोडूनच टाकली होती, आणि आपल्या या मोठ्या भावाला तुम्ही आयुष्यात कधी नाही म्हणाला नव्हता. मी चुलीपाशी पोहे परतते आहे आणि बाहेर मुलाचे मामा विचारताहेत, "नर्स व्हायला चार वर्सं कशाला लागत्यात? आमच्याकडं सा म्हैन्यात शिकून सुया टोचत्यात की." सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. "पदवी हाय ती, पावनं. विद्यापीठाची," म्हणालात आणि फळीवरचं नर्सिंग कॉलेजचं माहितीपत्रक काढून सगळ्यांसमोर वाचायला लागलात.

तुमचं शिक्षण चौथीपर्यंतचं. भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन बारावी पास, वय सतरा पूर्ण, तब्येतीचा डॉक्टरी दाखला. एकेका अक्षराला तुम्ही ठेचकाळत होता. पावणे जांभया द्यायला लागले. मग पान उलटलंत आणि एका दमात, कुठंही न अडता वाचलंत, "पदवी पुरी हुईस्तवर मुलीचं लगीन झालेलं चालणार न्हाई."

"ही कसली अट रं?" आबांनी विचारलं.

"सरकारी हाय, आबा. आपून काय करणार?" असं म्हणून तुम्ही ते माहितीपत्रक बंडीच्या खिशात घातलंत.

मला ते पाठ होतं, आण्णा. मीच पोस्टानं मागवलं होतं. त्यात लग्नाचा शब्दसुद्धा नव्हता. खोटं बोलणाऱ्या माणसाशी मी तेव्हा दोन-दोन दिवस अबोला धरायची. त्या दिवशी मात्र पोह्यांवर कोथिंबीर घातली आणि बशा बाहेर नेल्या. मला सगळं कळलं होतं, हे तुम्हाला कधीच सांगितलं नाही.

गुणवत्ता यादीत नाव लागलं. आपण दोघं एसटीनं सांगलीला गेलो, तुम्ही मला होस्टेलवर सोडलंत. पहिल्या सुट्टीत येऊन मी रुग्णांच्या घाणीची तक्रार केली, तेव्हा मागावरचा धोटा न थांबवता म्हणालात, "मेंढी अडली की कोपरापर्यंत हात घालतीस, आन् माणसाची घाण वाटती व्हय गं तुला?" पुन्हा तक्रार केली नाही. तिसऱ्या वर्षाला असताना तुम्ही गेलात. घरातली पहिली पदवी मी आईच्या हातात दिली. आज वॉर्डात पहिल्या वर्षाच्या मुलींना रुग्णाची कूस कशी बदलायची ते शिकवताना तुमचंच वाक्य त्यांना सांगते. त्या हसतात, पण हात मागं घेत नाहीत.

एक गोष्ट मात्र इतकी वर्षं सलत होती. आबा आजही कौतुकानं सगळ्यांना सांगतात, "सरकारनं अट घातली म्हणून आमची पोरगी शिकली." गेल्या आठवड्यात पावण्यांसमोर पुन्हा म्हणाले. पावणे गेल्यावर मी त्यांना म्हटलं, "आबा, तशी अट नव्हतीच. आण्णांनी मनानं वाचली."

त्यांनी तोंडाशी नेलेला कप खाली आणला. मग म्हणाले, "म्हंजे माझा भाऊ माझ्या तोंडावर खोटं बोलला?"

"व्हय. माझ्यासाठी."

आबांनी चहा तसाच ठेवला आणि उठून गेले. चार दिवस झाले, ते माझ्याशी बोललेले नाहीत. त्यांच्या लेखी तुम्ही आजवर शब्दाबाहेर न गेलेले भाऊ होता. ते मी मोडलं, हे मला कळतं. पण मला शिकवलं ते कुठल्या सरकारी अटीनं नाही, तुम्ही शिकवलंत, आणि हे घरात एकदा तरी मोठ्यानं बोललं जायला हवं होतं. आधी तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता. म्हणून सांगून झाल्यावर लिहिते आहे.