अव्वाचा ताप

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

तामलवाडी,
मार्गशीर्ष वद्य षष्ठी, शके १८६६

आपल्या चरणी सिद्धम्माचा नमस्कार.

इकडे सर्व कुशल, असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहिते. तुमच्या मातोश्रींना, आत्याबाईंना, माझा नमस्कार सांगा, पण हे पत्र त्यांना वाचून दाखवू नका. आमचा गडी बिरदेव हे तुमच्याच हाती देईल. आधी तुम्ही एकट्यानं वाचा.

गाठोडं मिळालं. दोन कुंच्या, दोन दुपटी, चांदीच्या वाळ्यांचे दोन जोड. कुंच्या आत्याबाईंनी स्वतः शिवल्यात हे टाक्यांवरून कळलं. मुलाच्या कुंचीला जरीचा काठ आणि मुलीच्या कुंचीला नुसतीच दुमड, हेही कळलं. तुम्ही विचारलंत, दोघं कुणाच्या तोंडावळ्यावर गेली आहेत. मुलगी तुमच्यावर गेली. कपाळ तुमचंच आणि हट्टही तुमचाच. मुलाचं पुढं लिहिते.

माझी तब्येत चांगली आहे. बाजेवर पडून डिंकाचे लाडू खाते, अळिवाची खीर पिते, बाजेखाली शेगडी असते. दूध भरपूर आहे, दोघांना पुरतं. शेजारच्या सारजाबाई रोज जुळं बघायला येतात आणि दृष्ट लागू नये म्हणून कानशिलावर बोटं मोडून जातात.

अव्वाला जरा ताप आहे.

ही ओळ लिहून मी परत वाचली. 'जरा' हा शब्द खोटा आहे. या घरात इतकं खोटं बोललं गेलंय की माझ्या टाकालाही सवय लागली. तुम्हीच हात धरून मला पाटीवर लिहायला शिकवलंत, आता भोगा.

मला जुळं झालेलं नाही. मला एक मुलगी झाली. मुलगा माझ्या अव्वाचा आहे. तो तुमचा मेहुणा आहे.

तुम्हाला आत्ता जसं झालं असेल तसं मला त्या दिवसापासून होतंय. अजून सकाळी जाग आली की वाटतं, हे स्वप्नातलं असेल. मग बाजूला दोघं दिसतात.

दसऱ्यानंतर तुम्ही मला इथं सोडायला आलात, अव्वानं तुम्हाला पुरणाचं वाढलं. तेव्हा तुम्हाला काही दिसलं का? मला नाही दिसलं. पदर पुढून घ्यायची, वाकताना कण्हायची, विचारलं तर म्हणायची वायगोळा उठतो. मी स्वतः पोटुशी बाई, पण आईच्या पोटाकडं कोण बघतं? माझे दोन्ही दादा लातूरला आडतीत, त्यांची लेकरं पळायला लागली. अव्वा म्हणजे लेकरांची आजी, एवढंच माझ्या डोक्यात.

त्या दिवशी सकाळी मी अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. धान्याच्या खोलीतून बारीक रडणं आलं. मला वाटलं शेळी व्याली. उठून दार लोटलं, तर ज्वारीच्या पोत्यांना टेकून अव्वा बसलेली, दातांत पदराचा बोळा, आणि सुईण बानूबाई नाळ बांधत होती. अव्वानं बोळा काढला आणि म्हणाली, "दार लाव."

मी दार लावलं आणि तिथंच खाली बसले. रडू आलं नाही, हसूही आलं नाही. नुसती बघत राहिले की ती माझीच आई आहे ना.

त्या धसक्यानंच असेल, दुपारी माझ्या कळा सुरू झाल्या. दिवेलागणीला मुलगी झाली. सकाळी बाळंत झालेली बाई संध्याकाळी माझ्या उशाशी उभी राहून माझी कंबर धरत होती. मुलगी रडली तसं अव्वानं दुसरं लेकरू आणून माझ्या कुशीत ठेवलं.

"सिद्धे, जुळं झालं म्हन. नातवंडं झालेल्या बाईला लेकरू झालं म्हणल्यावर गाव हसंल. तुझी सासू तुला जल्मभर टोचंल. तुझं दूध हाय, दोगं बी पितील. आन् पोरगा हाय. सासरी तुझाच मान वाढंल."

मी मान हलवली. तेव्हा मला कुणी काहीही सांगितलं असतं तरी हलवली असती. दुसऱ्या दिवशी अप्पांनी दुकानात साखर वाटली आणि तुम्हाला कार्ड टाकलं.

जुळं मला झालं, म्हणून बाळंतीण मी. अव्वाला बाज नाही, शेक नाही, काढा नाही. तिला काही झालेलंच नाही ना. लेकीचं बाळंतपण आईनं करायचं, तसं ती करत होती. माझं अंग चोळायची, हंड्यानं कढत पाणी ओतायची, मला भरवायची आणि स्वतः चुलीपाशी उभ्यानं भाकरी-ठेचा खायची. दूध आटावं म्हणून तिनं छाती फडक्यानं करकचून बांधली होती. मुलगा रडला की तिच्या चोळीवर ओल फुटायची, मग ती घाईनं पाठ फिरवायची. मी लाडू पुढं केला तर म्हणाली, "सारजा बघंल. तू खा."

चार-पाच दिवसांनी तिला थंडी वाजून आली. दोन वाकळा घातल्या तरी दात वाजत होते. अप्पांनी हकीमसाहेबांना बोलावलं आणि हिवताप आहे म्हणून सांगितलं. त्यांनी नाडी बघितली, कोयनेलाच्या पुड्या दिल्या. त्यांचा काय दोष? बाळ झालंय हे ज्यांना सांगितलंच नाही, ते तिचं पोट कशाला तपासतील? पुड्या घेऊन कान गच्च झाले, ताप हलला नाही. बानूबाई म्हणते, "उतरंल, जरा दम धरा." तिच्याकडून अव्वानं देवीची आण घेतलीय, त्यामुळं तीही माझ्या डोळ्याला डोळा देत नाही. आणि सारजाबाई दारातून म्हणतात, "नीलम्मा, लेकीचं जुळं करून करून थकलीस बग."

काल मी बाजेवरून उठले आणि अव्वाची वाकळ बदलायला गेले. अंथरुणाला कुजका वास येत होता. पोटाला नुसता हात लागला तर तिनं पदर तोंडात कोंबला, बाळंत होताना कोंबला होता तसाच.

आषाढात तुम्ही मला सोलापुरात लेडी डॉक्टरांना दाखवायला नेलं होतं, आठवतं? तुम्ही बाहेर बाकावर बसला होतात. त्या मला आत म्हणाल्या होत्या, "बाळंतपणानंतर थंडी वाजून ताप आला, पोट दुखलं, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला वास आला, तर घरचं औषध करत बसू नका. त्याच दिवशी मला बोलवा." मला वाटलं होतं, त्या माझ्यासाठी सांगताहेत.

मी तशीच अप्पांकडं गेले. ते दुकानात तागडी पुसत बसले होते. तागडी स्वच्छच होती.

"अप्पा, सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंना आणा. हा हिवताप न्हाय."

"मला ठावं हाय."

मी थक्क झाले. त्यांना ठाऊक होतं.

"मग गप का बसलाय?"

"तुझ्या अव्वानं गळ्यातल्या लिंगाची आण घातलीय मला. बारसं होईस्तोवर तोंड उघडायचं न्हाय. काय करू, तूच सांग." एवढं बोलून माझे अप्पा, ज्यांच्यापुढं बाजारात कुणी आवाज चढवत नाही, ते तागडीत तोंड घालून रडले. मला त्यांचा इतका राग आला की कीव करायलाही जागा उरली नाही. आण मोडली तर देव फार तर रागवेल. हे त्यांना कसं सांगावं?

आज सकाळी मी अव्वाला स्पष्ट सांगितलं, की जावयाला सगळं लिहिते आहे. तापानं तिचे डोळे लाल झालेत, पण बोलणं शुद्धीवरचं होतं.

"बारसं हू दे सिद्धे. तुझी सासू येऊन जाऊ दे. मग आन कुनाला आनायचं ती. जावयाला कळल्यावर म्या तोंड कसं दावू?"

"तोंड दाखवायला आधी तू राहायला पायजेस, अव्वा."

ती भिंतीकडं वळली. मग पाठमोरीच म्हणाली, "पोराला उपाशी ठिवू नगं." म्हणजे तिलाही कळलंय. मला वाटत होतं की लाजेपायी तिला कळत नाहीय. तसं नाही. तिनं हिशेब करून ठरवलंय की मेलं तरी चालेल, पण हसं होऊ नये. माझी आई असं ठरवू शकते, याचाच मला सगळ्यात मोठा धक्का बसलाय. बारशापर्यंत ती राहणार नाही.

आता तुमचं. मुलगा तुमचा नाही. आत्याबाईंनी गल्लीभर पेढे वाटले हे बिरदेवानं सांगितलं. त्यांना काय वाटेल ते मला कळतं, आणि तुम्हाला काय वाटेल ते तर त्याहून जास्त कळतं. तुम्हाला एक मुलगी आहे, निरोगी आहे, रात्रंदिवस दूध मागते. मी तुम्हाला फसवलं म्हणाल तर मी खाली मान घालून ऐकेन. पण राग डॉक्टरीणबाई इथं पोचल्यावर करा. आधी नको. आणि माझा भाऊ माझ्याच दुधावर वाढेल, त्यावर मी कुणाचं ऐकणार नाही, तुमचंसुद्धा.

बिरदेव गाडी जुंपतोय. पत्र मिळाल्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडं जा. पोटाचं, वासाचं, थंडीचं, मी लिहिलंय तसं सगळं सांगा, म्हणजे त्या औषधं बरोबर घेतील. मोटार मिळेल ती करा.

सोलापूरहून येताना हद्दीच्या नाक्यावर निजाम सरकारचे शिपाई अडवतील. पेटी उघडतील, बाई कोण, कुठं चालल्या, कुणासाठी, विचारतील. तिथं आमच्या गावची चार माणसं बसलेलीच असतात, ती कान टवकारतील. टवकारू द्यात. तुम्ही लाजू नका, आवाज खाली आणू नका. सांगा, माझी सासू बाळंतीण आहे. या गावात हे वाक्य अजून कुणी उच्चारलेलं नाही.

तुमची वाट बघणारी, तुमच्या मुलीची आई,
सिद्धम्मा