चौकातलं कारंजं आणि आमचे आजोबा

३ मार्च, सोमवार
आजपासून रोज लिहायचं.
शहराच्या इतिहास मंडळात स्वयंसेवक म्हणून रुजू झालो. पगार नाही, पण गळ्यात अडकवायला कार्ड आहे. कार्डावरचा ‘स्वयंसेवक’ दोनदा तपासला. शुद्ध आहे. माझं शिक्षण अर्धवट असलं तरी शुद्धलेखन पूर्ण आहे.
मंडळ म्हणजे आम्ही तिघं. अध्यक्ष सर (निवृत्त हेडमास्तर), सेक्रेटरी डॉक्टरीणबाई (दातांच्या) आणि मी. काम: जुन्या लोकांच्या आठवणी रेकॉर्ड करणं. ३० तारखेला शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन.
खरा हेतू फक्त इथे लिहितो. प्रदर्शनात आजोबांची पाटी लावायची. त्यांनी जन्मभर या शहराला पाणी सोडलं. पहाटे उठून व्हॉल्व्ह फिरवायचे. पाणी आलं की ते कोणी सोडलं, हे कोणी विचारत नाही. नाही आलं की सगळे दारात. आईच्या मनाला हे अजून लागून आहे.
सरांना सांगितलं. ते म्हणाले, मंडळाचा नियम आहे, तीन माणसांच्या आठवणी जुळल्या तरच पाटी. नियम आवडला. कडक आहे. तीन माणसं म्हणजे हातचा मळ.

५ मार्च, बुधवार
पहिली मुलाखत. चौकातले शिंपीकाका.
आजोबा? आठवत नाहीत. चौक कसा होता? होता असाच. बराच वेळ नुसता मशीनचा आवाज रेकॉर्ड झाला. मग मी माझी खास पद्धत वापरली. उदाहरण द्यायचं. म्हटलं, उदाहरणार्थ, चौकात एखादं कारंजं वगैरे? (कारंजं डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातल्या कॅलेंडरवर आहे. आपल्या चौकात साधा नळ नाही.)
काकांनी मशीन थांबवलं. म्हणाले, “अरे, हो की. मधोमध मासा होता. पितळेचा.” डोळे पुसले.
साक्षीदाराला मध्ये तोडायचं नाही, अशी डॉक्टरीणबाईंची सूचना आहे. तोडलं नाही. ते नुसतं उदाहरण होतं, हे उद्या काकांना सांगायचं.

६ मार्च, गुरुवार
सांगितलं नाही. दुकानात गिऱ्हाईक होतं.

९ मार्च, रविवार
काका गावभर सांगत सुटलेत. समोरच्या न्हाव्याला आठवलं की पाणी माशाच्या तोंडातून यायचं. बेकरीवाल्या मावशींना आठवलं की लग्न ठरल्यावर त्यांनी होणाऱ्या नवऱ्याबरोबर काठावर बसून गप्पा मारल्या होत्या. त्यांचे यजमान म्हणतात, आपण कारंज्याकडे कधी फिरकलोही नाही. मग मावशी बसल्या कोणाबरोबर, यावरून त्यांच्या घरात अबोला आहे.
तीन साक्षीदार झाले. सरांनी कारंज्याची पाटी मंजूर केली.
मी नीट विचार केला. नेमकं कारंजंच का सुचलं? विहीर का नाही? संशोधकाला काही गोष्टी आतून कळत असाव्यात.
आजोबांचे साक्षीदार: शून्य.

१४ मार्च, शुक्रवार
न्हाव्याला आजोबांबद्दल तिसऱ्यांदा विचारलं. तो म्हणाला, पाणी काय, नळातून यायचं. मावशीही तेच म्हणाल्या. ही माणसं स्वतःचं लग्नही विसरतील.
संध्याकाळी एकदम सुचलं. कारंज्याला पाणी लागतं. ते कोणीतरी सोडलं असणारच. हे खोटं नाही. तर्क आहे.

१६ मार्च, रविवार
जाहीर बैठक. तर्क मांडला. परिणाम तत्काळ. शिंपीकाकांना आजोबा लख्ख दिसू लागले: खाकी हाफपँट, हातात व्हॉल्व्हची ही लांब चावी, बुडाखाली सायकल. न्हावी आणि मावशी यांनी माना डोलावल्या. तीन! (आजोबांना सायकल येत नव्हती. किरकोळ बाब. इतिवृत्तावर सही केली.)
घरी सांगितलं. आईने स्टुलावर चढून भिंतीवरचा आजोबांचा फोटो काढला, पदराने काच पुसली आणि म्हणाली, नवी फ्रेम करून आण.
ताईने विचारलं, कुठलं रे कारंजं? ताईला इतिहासात रस नाही.

२१ मार्च, शुक्रवार
बैठकीत पाट्यांचा मजकूर वाचला. एक मोठी त्रुटी फक्त माझ्या लक्षात आली. मासा गेला कुठे? पितळेची वस्तू हवेत विरत नाही. प्रश्न माझ्या नावानिशी नोंदवून घेतला. सर म्हणाले, असा मुळाशी जाणारा तरुण मंडळाला हवाच होता.
आजचा दिवस उत्तम.

२३ मार्च, रविवार
उत्तर मिळालं.
शिंपीकाका म्हणाले, “ज्याच्याकडे चावी, त्याच्याकडे मासा. दुसरं कोण नेणार?” न्हाव्याने आजोबांना सायकलवरून पोतं नेताना पाहिलं होतं. पोत्यातून शेपटी बाहेर आली होती. मावशींना आठवलं की त्याच साली आमच्या घरावर नवे पत्रे चढले.
तीन.
मी उठून म्हटलं की आजोबांना सायकल येत नव्हती. सरांनी १६ तारखेचं इतिवृत्त काढून माझी सही दाखवली.

२५ मार्च, मंगळवार
ठरवलं, खरं सांगून मोकळं व्हायचं. सरांकडे गेलो. उदाहरण, कॅलेंडर, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा दिला, पाठीवर हात ठेवला.
“तुझ्या जागी मीही हेच म्हटलं असतं,” ते म्हणाले. “पण बाळा, घरच्या माणसाने मासा नेला, म्हणून कारंजंच नव्हतं म्हणायचं? शहराने काय करायचं मग?”
पुरावा म्हणून दवाखान्यातलं कॅलेंडर आणायला गेलो. डॉक्टरीणबाईंनी चित्र पाहिलं आणि हर्षभरित झाल्या. आता ते काचेत लावणार आहेत. खाली मजकूर: कारंज्याचे एकमेव उपलब्ध चित्र.

३० मार्च, रविवार, सकाळ
प्रदर्शन. तुफान गर्दी. सर्वांत जास्त आजोबांच्या फोटोपुढे. नव्या फ्रेममध्ये रुबाबदार दिसतात. पाटी अशी: ‘शहराला पाणी सोडणारे. पितळी मासा यांनी नेला असे समजते.’ ‘समजते’ मी भांडून घालून घेतलं. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.
आई बराच वेळ पाटीपुढे उभी होती. मागे कोणीतरी म्हणालं, ही त्यांची सून. आई पायात चपला घालून सरळ घरी निघाली.

तोच दिवस, संध्याकाळ
आई भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “मागच्या दारी त्या कोपऱ्यात तुझे आजोबा कोणाला खणू द्यायचे नाहीत रे.”
मी म्हटलं, आई, कारंजं नव्हतंच, ते मी कॅलेंडरवरून सांगितलं. ती म्हणाली, तू तेव्हा जन्मलाही नव्हतास.
शेजाऱ्यांकडून कुदळ आणली. गुडघाभर खणून झालं. एक तुटकी बादली निघाली. ताई कठड्यावर बसून शेंगा सोलते आहे, मदत शून्य.
मासा नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तरी अजून थोडं खणतो. सापडला, तर आजोबा पाणी सोडायचे हे तरी सिद्ध होईल.