हजेरीचा धडा

३ जुलै १९७८
गुलबर्ग्याहून कामगार-शिक्षण कचेरीचे नियम आले. आठ पानं. युनियनने वर्ग चालवला तर अनुदान. पण वर्ग कामाच्या जागीच हवा, मालकाची लेखी संमती हवी, अर्ज कन्नडमध्ये हवा, त्याची नक्कल मालकाला. काय शिकवायचं तेही त्यांनीच ठरवलंय: स्वच्छता, बचत, छोटं कुटुंब. मजुरीचा कायदा कुठेच नाही. भुकेल्याला हात धुवायला शिकवणारं सरकार! (सभेत वापरावं.)
युनियनचा सचिव म्हणून अर्ज मीच लिहिला. आमचे खजिनदार बसवराजअण्णा म्हणाले, "एकदा दाखवा की, कन्नड माझ्या घरची हाय." दाखवला नाही.

१९ जुलै
नौबादच्या डाळ मिलचं मागचं गोदाम मिळालं, जेवणाच्या सुट्टीपुरतं. मालक तोंडी हो म्हणाला, लेखी नंतर. डाळ निवडणाऱ्या बावीस बाया आल्या. मी अ, आ लिहायला खडू उचलला तर मैलूरची शांताबाई म्हणते, "अननस बिननस ऱ्हाऊ द्या सर. मस्टर वाचायला शिकवा. मुकादम माझ्या नावापुढं काय लिवायलाय, मला कळू द्या."
पहिला धडा तोच. प्रत्येकीचं नाव, आणि पुढे: ह म्हणजे हजर, गै म्हणजे गैरहजर.

२ ऑगस्ट
गोदामात मी आणि फळा. एकही बाई नाही. फाटकाशी शांताबाई दिसली. जयभीम केला, तिने घेतला नाही.
"कामून येऊ? आमची बदली करायलाव म्हणं तुमी! मुकादमानं कागदच दाखविला. हुमनाबादच्या मिलला कोन जाईल लेकरं सोडून?"
काही कळेना.

३ ऑगस्ट
कळलं. तो कागद म्हणजे मालकाला गेलेली माझ्याच अर्जाची नक्कल, कचेरीच्या शेऱ्यासह: 'मजुरांची बदली या योजनेत बसत नाही.' अण्णा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अहो भाषणवाले, कन्नडात वर्ग म्हंजे बदली! शाळेच्या वर्गाला तरगति लिवायचं. तुमी बायांच्या बदलीसाठी अनुदान मागितलाव!"
दोन जिल्ह्यांत सभा गाजवल्या, आणि एका शब्दावर पाय घसरला. हसू आलं नाही.

४ ऑगस्ट
फाटकाशी उभा राहून कान धरले. इतकं छोटं भाषण आयुष्यात केलं नव्हतं: चूक माझी, बदली नाही, शाळा.
शांताबाई: "मग शाळाच लिवायचं होतं की. हात मोडला असता का?"
सगळ्या हसल्या. एकोणीस परतल्या. तिघी नाही.

२१ ऑगस्ट
नवा अर्ज अण्णांच्या हातचा. आज कचेरीचे साहेब स्वतः तपासायला आले, मालक शेजारी. साहेब म्हणाले, काय शिकलात, दाखवा. शांताबाईने थेट मस्टर मागितलं. साहेबांसमोर मुकादमाला नाही म्हणता येईना. बोट ठेवून वाचू लागली. "शां-ता-बा-ई. ह. ह. गै..." थांबली.
"गेल्या सोमवारी मी हितंच होते. माझ्या सुपातली डाळ काय भूत निवडायलं होतं?"
मालकाचे कान लाल. साहेब हळू आवाजात मला: "मास्टरसाब, ये सबक हमारी किताब में नै है."

२३ ऑगस्ट
कचेरीचं पत्र. मालक लेखी संमती देतील, अनुदानही मिळेल. अट एकच: हजेरीचा धडा गाळतो असं हमीपत्र, खाली सचिवाची म्हणजे माझी सही.
अण्णा: "करा सही. पुस्तकं येतील, छप्पर ऱ्हाईल. तो धडा हळूच शिकवू." त्यांचं अगदीच चूक नाही. पुस्तकं आम्ही कुठून आणणार? पण लपवून शिकवायचं तर सही कशाला, आणि सही करायची तर...
बायांपुढे ठेवलं. दोघी म्हणाल्या, छप्पर हवं. शांताबाई म्हणाली, "धडा गाळायचा तर मला बी गाळा."

२५ ऑगस्ट
सही केली नाही. हमीपत्राच्या पाठीवरच लिहिलं: मजुराने स्वतःची हजेरी वाचू नये असं कलम असेल तर दाखवा. अण्णांनी कुरकुरत कन्नड केलं, या वेळी शब्द न् शब्द त्यांचा. रजिस्टर टपालाने रवाना, नक्कल मालकाला.
दुपारी गोदामाला कुलूप. फाटकाबाहेर लिंबाखाली बसलो, फळा भिंतीला टेकवून. अकरा जणी. बाकीच्या आतून बघत होत्या. मुकादम वही घेऊन आला, एकेकीचं तोंड बघून नाव लिहू लागला. दोघींनी पदर पुढे ओढला. उद्या यांना काम मिळेल की नाही, मला सांगता येत नाही.
शांताबाई उठून त्याच्या वहीत डोकावली.
"मुकादम, माझ्या नावातला शां चुकलाय. नीट लिवा."