उंटसिंगला बाहेर काढ

प्रिय भावेश,

फोनवर बोलायला गेले की तू मधेच तुझं चालू करतो, म्हणून लिहून आईच्या टोपलीत घालते. ती बोईसरच्या बाजारातून सांजच्याला सातपाटीला पोचेल. कागदाला बोंबलाचा वास येईल, तेवढा चालवून घे. हेतलच्या छातीतल्या भोकाच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, येत्या सोमवारी, मुंबईला. मी ठीक हाय. काल चहात मीठ घातलं नि हेतलचा बाप अंकुश अख्खा कप प्यायला, त्याच्यावरून दोघांचं काय ते समज.

आता तू मोबाइलवर काढून पाठवतो त्या कार्टूनबद्दल. टीव्हीवरचा उंट, हवालदार उंटसिंग, हिंदी बोलतो, वाळवंटात चोर पकडतो. तू त्याची बदली सातपाटीला केली नि त्याला आपली बोली शिकवली, तिथं तुझं डोकं चाललं. पहिल्या भागात तो होडीत बसतो, होडी एका बाजूला कलते, नि तो होडी हाकणाऱ्या तांडेलालाच विचारतो, तुमचा समुद्र असा वाकडा का? आमी लय हसलो. शेजारची जमना भांडी टाकून बघायला आली. पण मंग तू केलं काय? दुसऱ्या भागात त्याची मान बोंबील वाळवायच्या बांबूत अडकली. तिसऱ्यात परत बांबूत. चौथ्यात एसटीच्या खिडकीत. माणूस एकदा हसला की त्याला सोडावं रे, धरून ठेवू नये. नि प्रत्येक विनोदामागं तू जो हसण्याचा आवाज टाकतो, त्याच्यात सगळी माणसं तूच हाय. लहानपणापासून ऐकते, मला फसवतो काय?

मासळी विकणाऱ्या हंसाआत्याला घातली ते बरं केलं, पण तिला नुसती ओरडायला लावली. ती खरी ओरडते का? गिऱ्हाइकानं थोडाच मासा घेतला की हळूच विचारते, दादा, घरी कोण आजारी हाय का, एवढाच मासा नेता? तो बिचारा लाजून दुप्पट घेऊन जातो. हसू त्याच्यात हाय. तुझ्या घरामागंच बसते ती, जाऊन ऐकायचं होतं. आता नको जाऊ, तिनं तो भाग बघितलाय.

शेवटचा भाग मात्र तू चांगला लिहिला. उंटसिंग शिट्टी गिळतो, मंग श्वास घेतला की पोटात शिट्टी वाजते नि चोर आधीच पळतात. तिथं मान नाय, ओरडणं नाय, तरी पोट दुखेपर्यंत हसलो. मंग डॉक्टर त्याला आत नेतो, दार बंद होतं, नि भाग संपला. संपला तो संपलाच. आई बोलली, तू आता उंट सोडून भुतांचं काढणार.

तर ऐक. मागच्या खेपेला दवाखान्यात हेतल डॉक्टरला हात लावू देईना. रडून लाल झाली. मी घाबरून बोलून गेले, अगं, हाच डॉक्टर उंटसिंगची शिट्टी काढतोय. लगेच गप झाली, स्वतःच फ्रॉक वर केला. नि त्याला विचारते, उंटाला आत तसाच टाकून तू हिकडं काय करतो? डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं. तेव्हापासून तिचं एकच चाललंय, तो बाहेर आल्याबिगर मी आत जाणार नाय. रोज काय सांगू? डॉक्टर जेवायला गेला, लाइट गेली, शिट्टी घसरते. मला तुझ्यासारखं सुचत नाय.

मी तिला सांगते, येईल, बाहेर येणारच. ती माझ्या तोंडाकडं बघत राहते. चार वर्षांची हाय, पण मला पण माहीत नाय हे तिला कळतं. म्हणून भुतं जरा थांबव नि रविवारच्या आत एक भाग कर. लहान चालेल, विनोद नसला तरी चालेल. दार उघडू दे, त्याला त्याच्या पायानं चालत येऊ दे. नि बाहेर बाकावर त्याची आई बसलेली दाखव. ती उठून काय करते, ते नीट काढ भावेश. मला ते बघायचंय.

तुझीच,
रूपलताय