तुमच्या बंधूंचं शंखप्रक्षालन आणि उन्मेषचं लग्न

शिवमंदिर रस्ता, अंबरनाथ (पूर्व)
सोमवार, दुपार (हे झोपलेत, तेवढ्यात लिहून घेते)

ती. वन्संना,

मालिनीचा वाकून नमस्कार. (हे नुसतं लिहायचं म्हणून लिहिलेलं नाही. या घरात हल्ली सगळेच वाकतात, त्यामुळे मलाही जमायला लागलंय.) तुमचे गुडघे कसे आहेत? तेल लावताय ना? बदलापूरची हवा आमच्यापेक्षा बरी असं तुम्ही नेहमी म्हणता, ते मला मान्य आहे. इथे वारा फिरला की कारखान्यांचा तो ओळखीचा वास येतो, आणि तुमचे बंधू त्याच हवेत दीर्घ श्वसन करतात. आत काय घेतात आणि बाहेर काय सोडतात ते त्यांचं त्यांना ठाऊक.

अंबरनाथहून बदलापूरला पत्र कसलं लिहितेस, फोन मेला का, असं तुम्ही म्हणालच. पण फोनवर तुम्हाला कमी ऐकू येतं, मग मला ओरडावं लागतं, आणि जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही. शिवाय आमच्या शेजारच्या बनूबाईंची बहीण तुमच्याच सोसायटीत राहते. तिच्याकडून तुमच्या कानावर काहीतरी तिखटमीठ लावून जाणारच, तेव्हा खरं काय ते माझ्याकडून कळलेलं बरं. (मीठ यात आहेच, पण ते पुढे.)

हे रिटायर झाल्यावर घरात काय चाललं होतं ते तुम्हाला अर्धंच माहीत आहे. उभा जन्म कारखान्यात शिफ्ट सांभाळण्यात गेला, आता शिफ्ट म्हणून मी एकटीच उरले. कुकरच्या शिट्ट्यांवर देखरेख. भाजीवाल्याची चौकशी. पाणी सोडणाऱ्या माणसाशी रोज भांडण. रात्री झोप नाही. अंधारात उठून खिडकीशी उभे राहायचे आणि विचारलं तर म्हणायचे, "काही नाही, भोंगा ऐकू आल्यासारखं वाटलं." कारखाना बंद पडून वर्षं झाली, वन्सं, भोंगा कुठला वाजतोय! मग बीपी वाढलं, डॉक्टरांनी गोळी दिली आणि वर योग करा म्हणून सांगितलं. गोळी हे विसरतात. योग मात्र असा धरला की विचारू नका.

मंदिराच्या जवळ मोकळ्या जागेत अभिजीत नावाचा मुलगा सकाळी वर्ग घेतो. इंजिनिअर आहे, पण सरळ बसतो. आधी आसनं झाली. त्याचं मला काही नव्हतं, फक्त हॉलमधल्या टीपॉयची जागा गेली आणि पवनमुक्तासनाचं नाव इतकं सार्थ असेल याची कल्पना नव्हती. पण मग अभिजीतने सांगितलं, काका, आसनं म्हणजे योगाचा एक तुकडा, त्याच्या आधी यम-नियम येतात. झालं! अहिंसा म्हणून झुरळांचा स्प्रे बंद. अपरिग्रह म्हणजे साठवायचं नाही, म्हणून माझे माळ्यावरचे स्टीलचे डबे भांडीवालीला. प्रत्याहार म्हणजे इंद्रियं आत वळवायची, म्हणून बेल वाजली तरी उठायचं नाही, मी अंघोळीत असले तरी. ब्रह्मचर्याचं मात्र मी मनावर घेतलं नाही; या वयात ते व्रत धरणं म्हणजे बंद कारखान्यातल्या कामगारांनी संप पुकारण्यासारखं आहे. (वन्सं, माफ करा, पण तुम्ही हसलात हे मला इथून दिसतंय.) आणि रविवारी दुपारी बारापर्यंत मौन. त्या मौनाला मात्र मी मनापासून पाठिंबा दिला. शंकर हा आदियोगी, असं हे मंदिराकडे हात करून सांगतात. असेल. पण घरी कसं काय होतं हे पार्वतीला कुणी विचारलंय का?

आता उन्मेषचं. तुम्हाला मी सांगितलं होतंच, की त्याच्या ऑफिसातली ऋतिका नावाची मुलगी आहे, उल्हासनगर कॅम्प एकची, सिंधी. तुम्ही तेव्हा "आपल्यात मुली संपल्या काय?" एवढंच म्हणून फोन ठेवलात. मुलगी चांगली आहे. मराठी आपल्या उन्मेषपेक्षा बरं बोलते, कारण उन्मेष मराठी सुरू करतो आणि हिंदीत संपवतो. पण तिचे वडील हासानंद शेठ, ड्रेस मटेरियलचं दुकान आहे त्यांचं, ते काही राजी नव्हते. त्यांचंही तुमच्यासारखंच, आपल्यातला मुलगा हवा. तरी लेकीच्या हट्टाखातर एकदा घरी येतो म्हणाले. कालचा रविवार ठरला, सकाळी अकरा.

मी शनिवारपासून राबतेय. पडदे धुतले, पुरणपोळी करायचं ठरवलं, उन्मेषने सगळ्या घराला दोनदा पोछा मारला, एवढा घाबरला होता तो. आणि रविवारी पहाटे उठून बघते तर तुमचे बंधू स्वयंपाकघरात मोठं पातेलं ठेवून पाणी कोमट करतायत, आणि त्यात मूठ मूठ मीठ टाकतायत. मला वाटलं, पोळ्यांना मदत. विचारलं तर मौन! कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवलं, तिथे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं: शंखप्रक्षालन.

तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते. मिठाचं पाणी ग्लासावर ग्लास प्यायचं, मधे मधे ताडासन वगैरे करून अंग पिळायचं, आणि मग ते पाणी वरून खाली सगळा मार्ग धुऊन बाहेर पडतं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, जोपर्यंत नळाचं येतं तसं स्वच्छ येत नाही तोपर्यंत. (आमच्या नळाचं नव्हे.) शंख धुतात तसं पोट धुवायचं. अभिजीतने वर्गात नुसती माहिती दिली होती आणि एकट्याने करू नका, बीपीवाल्यांनी तर मुळीच नाही, असं बजावलंही होतं. पण हे पडले शिफ्टवाले. माहिती मिळाली की प्लांट चालू करायचा.

मी हात जोडले. म्हटलं, अहो आज नको, आज पोराच्या जन्माचा प्रश्न आहे. यांनी हातानेच सांगितलं, नऊच्या आत उरकतं. आणि प्यायला लागले. ग्लासामागून ग्लास. ताडासन झालं, कमरेतून पिळून झालं, पालथं पडून मागे वळून टाचा बघून झाल्या. काही नाही! पाणी आत गेलं ते गेलंच, सरकारी कचेरीत अर्ज केल्यासारखं. नऊ वाजले, दहा वाजले. पोट नगाऱ्यासारखं. शेवटी मीच म्हटलं, जिरलं असेल, चला कपडे बदला. यांनी तो लग्नातला झब्बा घातला आणि सोफ्यावर बसले. मला जरा बरं वाटलं. आणि तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली.

हासानंद शेठ, त्यांची बायको, ऋतिका आणि शेठची म्हातारी आई, म्हणजे दादी. दादींनी एवढे दोन जिने चढून यावं याचंच मला कौतुक. मिठाईचा खोका, पापडांचं भलंमोठं पुडकं. शेठनी हात जोडून "नमस्कार साईं" म्हटलं. यांनी उठून हात जोडले आणि वन्सं, त्या हालचालीने आत जे काय अडलं होतं ते सुटलं. मी नवऱ्याचा चेहरा इतकी वर्षं बघतेय, पण तसा भाव बघितला नव्हता. जोडलेले हात तसेच ठेवून हे मागे मागे सरकत संडासात गेले आणि कडी लावली.

"साहब बोले नहीं कुछ?" शेठ म्हणाले.

"मौन है इनका, संडे को," उन्मेष म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम.

हे बाहेर आले, हसले, बसले, पुन्हा उठले, आत गेले. पुन्हा आले. मी पाणी दिलं, पाहुणे प्यायले आणि यांनी पाण्याच्या ग्लासाकडे बघून तोंड फिरवलं. पुन्हा गेले. मधल्या वेळात शेठ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतायत, त्यांची बायको माझ्या पडद्यांकडे, आणि ऋतिका उन्मेषकडे अशी बघतेय की याच्या घरात हे नेहमीचं आहे काय. प्रत्येक वेळी टाकीचा धबधबा हॉलमधे ऐकू येतो. आमचं घर तुम्हाला माहीतच आहे, संडासाचं दार सोफ्याच्या खांद्यावर. मी पोळ्या वाढायला घेतल्या.

आणि तेवढ्यात दादी म्हणाल्या, "बेटी, मुझे बाथरूम जाना है."

घरात एक, वन्सं, आणि त्यात तुमचे बंधू! मी दादींचा हात धरला आणि सरळ बनूबाईंचं दार वाजवलं. बनूबाई जणू दाराला कान लावूनच होत्या. म्हणाल्या, "काय हो, तुमच्याकडचं बंद पडलंय?"

"बंद कुठलं," मी म्हटलं, "चालू आहे, म्हणून तर आले!"

दादींना घेऊन परत आले तर हॉलमधे शेठ उभे राहिलेले, निघायच्या बेतात. हे नुकतेच बाहेर येऊन भिंतीला टेकलेले, झब्बा चिकटलेला. शेठनी मला विचारलं, "भाभीजी, साहब की तबियत ठीक नहीं लगती. क्या हुआ है?" मी पटकन म्हटलं, "कुछ नहीं, थोडी सर्दी हो गई है." काय करणार? पोराच्या सासऱ्याला काय सांगणार?

तर यांनी मौन मोडलं. बाराला अजून अवकाश होता. पण मौनाच्या वर सत्य, असा यांचा हिशेब. घसा खाकरून, अगदी कारखान्यात साहेबासमोर रिपोर्ट द्यायचे त्या आवाजात म्हणाले, "सर्दी नहीं है. मेरी मिसेस झूठ बोल रही है. मैं सुबह से पेट साफ कर रहा हूँ. नमक का पानी पिया है. आपके आने से पहले होना था, नहीं हुआ. माफ कीजिए."

वन्सं, मी डोळे मिटले. उन्मेषने तर डोकंच धरलं. संपलं सगळं, असं वाटलं. शेठ मग हळूच बसले. आणि इतक्या खालच्या आवाजात, की बायकोलाही ऐकू जाऊ नये, म्हणाले, "साफ हो गया, साईं? पूरा?"

"अभी आखिरी बार एकदम पानी जैसा," हे म्हणाले. आणि चेहऱ्यावर काय समाधान!

शेठच्या डोळ्यात पाणी आलं, मी खोटं सांगत नाही. त्यांची बायको मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि (अदी म्हणजे त्यांच्यात ताई) म्हणाली, "क्या बताऊँ अदी, सालों की तकलीफ है. चूरन, काढा, इसबगोल, सब डॉक्टर हो गए. दुकान पर बैठते हैं तो गुस्सा ग्राहक पर निकलता है." बाहेर दोघे पुरुष खांद्याला खांदा लावून बसले होते. हे कमरेतून पिळून दाखवतायत आणि शेठ, सफारी सूटमधे, हात वर करून ताडासन करतायत. दादी टाळ्या वाजवतायत. पुरणपोळ्या आम्ही बायकांनी आणि मुलांनी खाल्ल्या. यांना मी मऊ खिचडी दिली, तर शेठनीही खिचडीच मागितली. मुहूर्त कधी, साखरपुडा कुठे, हे त्यांची बायको आणि मी ओट्याशी उभ्या उभ्या ठरवून टाकलं. पुरुषांना विचारलं तर दोघांनी नुसत्या माना हलवल्या, त्यांचं आतड्यांवर चाललं होतं.

जाताना जिन्यात शेठ उन्मेषला म्हणाले, "जो आदमी पहली मुलाकात में पेट का सच बोल दे, वो आगे किस बात का झूठ बोलेगा?" ऋतिकाने नंतर फोन करून सांगितलं, पप्पा नाही म्हणायलाच आले होते. काय बोलायचं तेही घरून पाठ करून आले होते.

संध्याकाळी अभिजीतला कळलं तेव्हा तो धावत आला आणि त्याने यांना असं झापलं की मी चहात साखर जास्त घातली त्याच्या. बीपी मोजलं. ठीक निघालं. मी हसते, वन्सं, नावं ठेवते, डब्यांचं अजून मनातून गेलेलं नाही. पण हे आता रात्री झोपतात. खिडकीशी कुणी उभं नसतं. इतकं मोठ्याने घोरतात की मला झोप येत नाही, आणि मी पडून ऐकत राहते. मला चालतं ते.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्यांना जपा, आणि रागावला असाल तर पत्र उशीखाली ठेवून सकाळी पुन्हा वाचा.

तुमची,
मालिनी

ता. क. मुख्य सांगायचं राहिलं. येत्या रविवारी हासानंद शेठ, त्यांचे दोन भाऊ आणि एक आतेभाऊ अशा सगळ्यांनी शंखप्रक्षालन करायचं ठरवलंय. अभिजीत स्वतः हजर राहणार आहे, डॉक्टरांना विचारूनच सगळं होईल, बीपीवाले नुसते बघायला बसतील. पण आमच्याकडे एक आहे. तुमच्या विनीतने तुम्हाला घेऊन दिलेल्या फ्लॅटमधे दोन्ही बेडरूमना एकेक आणि हॉलला एक, असे तीन. मी हो सांगून बसलेय. पहाटे सहाला तुमच्याकडे येतील. खिचडी मी करून आणते.

ता. क. २. दादींनी विचारलं, लडके की बुआ कैसी है? मी सांगितलं, मनाने फार मोठी. हे माझं दुसरं खोटं ठरतं की नाही, ते तुमच्या हातात आहे.

ता. क. ३. हे पत्र पोस्टाने पाठवत नाहीये, उन्मेषबरोबर देतेय. तो तुमच्या दारात उभाच असेल. त्याच्या मागे मिठाची पिशवी घेऊन जी मुलगी उभी आहे, ती ऋतिका. पत्र जरा लांबलंय, बिचारी बराच वेळ उभी असेल. आत घ्या तिला.