अकरा तारखेचं पान

सोमवार, ३ फेब्रुवारी

वही नातीने दिली. तिच्या प्रयोगशाळेतली आहे, प्रत्येक पानावर नंबर छापलेला. म्हणाली, आजी, दिवसभर भिंतीशी बोलतेस, त्यापेक्षा हिच्याशी बोल. वर नियम सांगितले. नियमाशिवाय ही पोरगी पाणीसुद्धा पीत नाही! आधी तारीख. घडलं त्याच दिवशी लिहायचं. पान फाडायचं नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. आणि झालं तसंच लिहायचं, व्हायला हवं होतं तसं नाही.

मी तिसरी शिकलेली. पुढे इस्पितळाच्या धुलाईघरात तीस वर्षं वॉर्डाच्या चिठ्ठ्या वाचल्या — चादरी वीस, अभ्रे चाळीस, डॉक्टरांचे कोट सहा. तेवढंच माझं वाचन. एवढं लिहायला पाऊण तास गेला. चहा निवला.

नातीला मी टिटवी म्हणते. लहानपणी सारखी टिवटिव करायची. आता ती गप्प झाली आणि माझी टिवटिव वाढली.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज टिटवीला बसवून विचारलं, बाई गं, तू नक्की करतेस काय? शेजारची शिंपीण विचारते तेव्हा मी नुसतं "मोठं काम आहे" म्हणते आणि विषय तिच्या मशीनकडे नेते.

तिने सांगितलं ते असं. पेशीत एक मोठी वही असते, ती कपाटातून बाहेर काढायची नाही. हवं तेवढंच उतरवून चिठ्ठी बाहेर पाठवतात. ती चिठ्ठी म्हणजे आरएनए. चिठ्ठी वाचून कामगार प्रोटीन बनवतात. म्हटलं, हे तर आमचं धुलाईघर! फक्त मुकादम नाही. ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

मग प्रोटीनची घडी पडावी लागते, तीही नेमकी. ती बिघडली की प्रोटीनं एकमेकांना चिकटून गाठी होतात, आणि मज्जापेशी मरतात. आजोबांचं तेच झालं, म्हणाली.

ह्यांच्या हातात शेवटी चमचा राहत नव्हता. बोलायचे ते मला एकटीलाच कळायचं. तेव्हा टिटवी नऊ वर्षांची, त्यांच्या शर्टाची बटणं लावायची. म्हणजे हिला हे काम कोणी दिलं नाही, हिने ते तेव्हाच घेतलं होतं!

ती आता बाटलीत त्या गाठी बनवते आणि चिठ्ठीचा एक तुकडा त्यात घालून बघते, गाठी सैल होतात का. अजून झालेल्या नाहीत. दोन वर्षं झाली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज मी लबाडी केली.

बटाटे-मटार शिजवले, भात लावला, आणि ताट वाढताना लक्षात आलं की आठ दिवस ही पोर दुपारी डब्यातलं गार खाते. नाही तर खातच नाही. प्रयोगशाळा दहा मिनिटांवर, पण जेवायला ये म्हटलं तर "आजी, मध्ये उठता येत नाही." मग फोन केला आणि सांगितलं, मोरीतला नळ बंद होत नाहीये, पाणी वाहतंय, मला फिरवता येत नाही.

धावत आली! केस विस्कटलेले, अंगात पांढरा कोट तसाच. म्हणाली, चिठ्ठीची नळी तापत ठेवली होती, बटण बंद केलं आणि नळी तशीच यंत्रात ठेवून आले. मी म्हटलं, नळ झाला गं बंद, आत्ताच झाला, ये बस. तिने मोरीत डोकावलं, हात धुतले, आणि ताटावर बसली. दोनदा भात घेतला. मग खुर्चीतच डुलकी लागली. मी उठवलं नाही! पूर्ण दोन तास. उठली ती ओरडतच पळाली.

नळ ठणठणीत आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

कालचं पान फाडावंसं वाटलं. नियम आठवला. राहू दे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

गाठी सुटल्या!! नऊ नळ्यांतल्या एकीत, मंगळवारी लावलेल्या, पण सुटल्या. तिच्या मोठ्या बाई, ज्यांच्या हाताखाली ती काम करते, त्यांनी यंत्राला डोळा लावून दोनदा पाहिलं म्हणे. त्या कोणाचं कौतुक करत नाहीत. आज म्हणाल्या, "हं." टिटवी सांगते, त्यांच्या तोंडून "हं" म्हणजे मिरवणूक!

शिंपिणीला सांगितलं. तिने विचारलं, म्हणजे तुमच्या ह्यांना झालं होतं ते बरं होणार? मी म्हटलं, बाटलीतलं झालंय, माणसातलं पुढे. ती म्हणाली, बाटलीपासूनच सुरू होतं सगळं. तिचा नवरा पितो, त्यामुळे तिने ते कुठल्या अर्थाने म्हटलं कोण जाणे.

सोमवार, १० मार्च

पुन्हा होत नाहीये. सहा वेळा केलं. तीच चिठ्ठी, तेच प्रोटीन. गाठी जशाच्या तशा.

गुरुवार, २७ मार्च

चौदा वेळा करून झालं, नाहीच. मोठ्या बाई म्हणाल्या, "एकदाच घडलं ते घडलं नाही असं धरायचं." पंधरा एप्रिलला समिती बसणार आहे. तोवर पुन्हा जमलं नाही तर हा विषय बंद, दुसरा घ्यायचा. कुठल्याशा बुरशीचा आहे म्हणे.

टिटवी रडली नाही. पांढरा कोट स्वतः धुतला, स्वतः इस्त्री केली, आणि कॉलर उलटी दुमडली. तीस वर्षांच्या इस्त्रीवालीची नात! ती अंघोळीला गेल्यावर सरळ करून ठेवली.

बुधवार, ९ एप्रिल

आजचं आजच लिहायचं.

संध्याकाळी ती तिची वही घेऊन बसली होती. मोठ्याने वाचत होती, अकरा फेब्रुवारी, चिठ्ठी तापवली, लगेच बर्फात ठेवली, सगळं दर वेळेसारखंच! मी शेंगा सोलत होते. अकरा ऐकलं आणि कुठेतरी टोचलं. उठून माझी वही उघडली.

कशी सांगू? सांगायचं तर नळाचं सांगावं लागणार. दोन मिनिटं वही पोटाशी धरून उभी राहिले. मग ह्यांचे हात आठवले. वही तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, बाळा, अकरा तारखेला तुझी चिठ्ठी बर्फात नव्हती. तू इथे भात खात होतीस.

तिने पान वाचलं. माझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, तरी तीनदा वाचलं. मग आपलं पान पाहिलं. हळूच म्हणाली, "आजी, मी सकाळीच लिहून ठेवते. वेळ वाचतो म्हणून. दर वेळी तेच असतं ना."

मला नियम शिकवणारी ही!

मग भराभर बोलायला लागली. तापवल्यावर चिठ्ठी सरळ होते, निवताना तिची घडी पडते. बर्फात टाकली की जशी असेल तशी आखडते. त्या दिवशी बंद यंत्रात दोन तास सावकाश निवली. म्हटलं, एवढंच ना? गरम चादर एकदम गार केली की चुण्या धरते, हे मला विचारायचं होतंस.

तिने माझ्या कपाळावर ओठ टेकले. नळाबद्दल एक शब्द बोलली नाही.

शुक्रवार, ११ एप्रिल

ती पहाटेच गेली. काल तीन नळ्या लावल्या, दोन तास निववून. शिवाय तीन बर्फातल्या, तुलनेला.

नळाचं अजून काहीच बोलत नाही. रागावली असेल तर बोलून मोकळी तरी व्हावी.

शनिवार, १२ एप्रिल

तिन्ही सुटल्या. बर्फातल्या तिन्ही तशाच.

मला काही सुचत नव्हतं. घरातले सगळे अभ्रे काढून इस्त्री केले.

मंगळवार, १५ एप्रिल

विषय तिचाच राहिला. आजोबांचाच.

समितीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, हे दोन तास कुठून सुचले? टिटवीने माझ्या पानाचा फोटो दाखवला. अख्ख्या पानाचा! "आज मी लबाडी केली" इथपासून. तिथे सगळे शिकलेले, आणि माझी जोडाक्षरं! मी तर पदर तोंडावर घेतला. ती म्हणाली, मोठ्या बाईंनी ते पान छापून माझ्या प्रयोगाच्या वहीत चिकटवायला सांगितलंय. आणि मला सगळ्यांदेखत सुनावलं, "तुझ्यापेक्षा आजीची नोंद चांगली आहे." आजपासून तीही झाल्यावरच लिहिणार.

मंगळवार, २२ एप्रिल

अकरा वाजता फोन आला. म्हणाली, आजी, नळी निवायला ठेवलीय, आता दोन तास मला इथे काही काम नाही. मोरीतला नळ गळतोय का गं आज?

मग म्हणाली, "त्या दिवशी मोरी कोरडी होती. बादलीसुद्धा कोरडी. मी पाहिलं होतं."

मी म्हटलं, मग जेवायला का बसलीस?

म्हणाली, "तू दोन ताटं घेतली होतीस."

मी सांगितलं, नळ धो धो वाहतोय, लवकर ये.