कमरेचा दोर

नलू सूनबाई,

आपल्या दीपाचं बारसं झालं त्या साली, दोन हजार दोनमध्ये, तलावात मासे धरायचा परवाना माझ्या गोविंदाच्या नावावर झाला. आता सोसायटीवाले म्हणतात, या आठवड्यात घरच्या कोणी जाळं टाकलं नाही, तर परवाना दुसऱ्याला देऊ. काल तू म्हणालीस, "मामाजी, तुमचे गुडघे पायरीवर वाजतात, पाण्यात काय करता? मीच उतरतो." तुला पोहता येत नाही. म्हणून मीच निघालो. एकट्याने उतरायची मनाई आहे, शेजारचा दामू काठावर थांबेल. जाळं आणि धरून तरंगायला भोपळ्याचा तुंबा, दोन्ही नेतो आहे. मागे येऊ नको.

तू विचारतेस, पट्टीचा पोहणारा माणूस बुडाला काहून? तोंडाने सांगवत नाही. हात मोकळे राहावेत म्हणून जाळ्याचा दोर कमरेला बांधायला त्याला मीच शिकवलं. आमच्या नदीत ते चालायचं. या तलावाच्या तळाशी बुडालेल्या बाभळी आहेत. जाळं त्यांत अडकलं आणि गाठ सुटली नाही.

गोविंदा रविवारी, चौदा ऑगस्ट दोन हजार पाचला, त्या दोरामुळे मेला.